डावखुऱ्यांचं घराणं

शिल्पकाराचा फोन आला तेव्हा छोटे मास्तर पलंगाच्या कडेवर बसून पायात मोजा चढवत होते आणि त्या झटापटीत मोज्याची सरशी होत होती. पन्नाशी ओलांडली, पोट सुटलं, डोक्यावरचे केस गेले, तरी ते 'छोटे'च राहिले होते. कारण 'मोठे मास्तर' ही जागा त्यांच्या आजोबांनी कधीच पटकावली होती, आणि मेलेल्या माणसाकडून जागा खाली करून घेणं कुणाला जमलंय?

आजोबा शाळेत भूगोल शिकवायचे. या गावात फुटबॉल ज्या पहिल्या मंडळींनी आणला त्यांतले ते एक. पुढे लढाई लागली, ते भरती झाले, जखमींना उचलून आणणाऱ्या तुकडीत गेले आणि अशाच एका जखमीला आणायला म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. नातू आता त्याच शाळेत भूमिती शिकवत होता. त्यानं खडूचा तुकडा कोपऱ्यातल्या डब्याकडे भिरकावला की तो हमखास खिडकीबाहेर जायचा आणि मागच्या बाकावरून कुणीतरी 'गोऽऽल' ओरडायचं. छोटे मास्तर त्याबद्दल कधी शिक्षा करत नसत. पोरांचं काही चुकत होतं असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत नसे.

"मास्तर, घोटाळा झालाय," शिल्पकार म्हणाला.

"पुतळ्याला तडा गेला?"

"पुतळा ठणठणीत आहे. घोटाळा तुमच्या आजोबांच्यात आहे."

शाळेच्या मैदानाच्या दाराशी मोठ्या मास्तरांचा पुतळा बसायचा होता. घरात त्यांचा खेळतानाचा एकुलता एक फोटो होता, त्यावरून शिल्पकारानं मातीत सगळं घडवत आणलं होतं. डावा पाय मागे खेचलेला, नजर चेंडूवर. पुढच्या महिन्यात उद्घाटन होतं आणि पडदा ओढायचा होता मोठ्या मास्तरांच्या मुलानं, म्हणजे छोट्या मास्तरांच्या वडिलांनी. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

"आज मी शर्टाची बटणं करायला घेतली," शिल्पकार सांगू लागला. "पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर येते. तुमच्या फोटोत उजवी वर आहे. खिसाही उजव्या छातीवर. आता एक तर तुमचे आजोबा गडबडीत तुमच्या आजीचा ब्लाउज घालून मैदानात उतरले, नाहीतर फोटो उलटा छापलाय. तेव्हा काचेच्या निगेटिव्ह असायच्या. काच उलटी लागली की उजव्याचं डावं होतं."

"म्हणजे पाय..."

"पायही आलाच त्यात. ते उजव्या पायानं मारतायत. साचा घ्यायला माणसं उद्या येणार आहेत. उजवा करायचा असेल तर त्यांना आजच थांबवायला हवं. संध्याकाळपर्यंत सांगा कुठला पाय हवाय. मला दोन्ही येतात."

छोटे मास्तर एक पाय झाकलेला, एक उघडा, असे बसून राहिले. बाहेरच्या माणसाला यात जीव घाबरा करून घेण्यासारखं काही दिसलं नसतं. पण हे घराणं उभं होतं ते डाव्या पायावर.

तो फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला होता आजोबांच्या थोरल्या भावानं, मोठे मास्तर गेल्याची बातमी आली त्या वर्षी. थोरल्यांनी आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. अर्ध्या चड्डीत धावणारा हा माणूस आपला सख्खा भाऊ आहे हे ते चारचौघांत कबूलही करत नसत. पण भाऊ गेला आणि त्यांना त्याचा खेळ एकदम कळायला लागला. फोटोपुढे उभं राहून त्यांनी जाहीर केलं, 'आमचा मास्तर डावखुरा होता. तो डावा पाय या घरात टिकला पाहिजे.' तेव्हापासून घरातलं प्रत्येक पोरगं धड उभं राहायला लागलं की त्याच्या डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात चप्पल घालून त्याला चेंडूपुढे नेत. उजव्यानं मारायला जावं तर चेंडूच्या आधी चप्पल उडायची, म्हणून पोरगं मुकाट्यानं डावा उचलायचं. उजवे बूट कपाटात कोरेच्या कोरे पडून राहायचे. या बाबतीत सगळ्यांत कडक होती आजी, मोठ्या मास्तरांची बायको. उजवा पाय नुसता वळवळला तरी स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, 'डावा!' नवऱ्यावर किती जीव म्हणायचा, असं लोक कौतुकानं बोलायचे.

या पद्धतीनं तीन पिढ्यांत एकही खेळाडू निपजला नाही. मात्र पाय मुरगळून घेण्यात घराण्यानं नाव काढलं. एकदा मोठ्या मास्तरांचा एक जुना विद्यार्थी काठी टेकत टेकत मुद्दाम फोटो बघायला आला होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, 'पण सर तर उजव्या पायानं मारायचे.' घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि तो गेल्यावर 'वय झालं की डोकं चालत नाही' म्हणून सगळे हळहळले. ज्यानं सामने डोळ्यांनी पाहिले तो चुकीचा आणि ज्यांनी भिंत पाहिली ते बरोबर! हळहळणाऱ्यांत छोटे मास्तर सगळ्यांत पुढे होते.

ते सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण अण्णांचं काय? बाप गेला तेव्हा अण्णा पाळण्यात होते. त्यांच्या वाट्याला बाप म्हणून जे आलं ते म्हणजे तो फोटो आणि तो पाय. कॉलेजच्या संघात ते कसेबसे शिरले, मग तिथूनही काढले गेले. 'मास्तरांचा मुलगा, आणि असा कसा?' हे त्यांनी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की पुढे पुढे लोकांनी म्हणायच्या आधी तेच स्वतःला म्हणायला लागले. स्वतःची टर उडवायची या घराची खोड तिथूनच सुरू झाली. पण पुतळ्याचं ठरल्यापासून म्हातारा बदलला होता. नवा कोट शिवायला टाकला होता. पडदा ओढायचा सराव ते बैठकीच्या खोलीतल्या खिडकीवर करत. एकदा तर दांडीच खाली आली. अशा माणसाला, तुम्ही जन्मभर ज्या पायापायी खाली मान घातलीत तो तुमच्या बापाचा नव्हताच, हे सांगायचं कुणी?

"मी तर नाही बुवा," छोटे मास्तर हातातल्या मोज्याला म्हणाले.

त्या दिवशी सगळ्यांनी अण्णांच्या घरी जमायचं आधीच ठरलं होतं. समारंभात पहिल्या रांगेत कोण बसणार, हा तंटा मिटवायचा होता. छोटे मास्तर बायकोला घेऊन पोचले तेव्हा दादा, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, आणि वकील, म्हणजे फोटो लावणाऱ्या त्या थोरल्या आजोबांचा नातू, हे दोघं समोरासमोर बसून खुर्च्यांवरून हमरीतुमरीवर आले होते. दादा बँकेतून निवृत्त झाला होता, पण समोरचा माणूस चुकीच्या खिडकीवर आलाय अशा नजरेनं बघायची सवय गेली नव्हती. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत आत्या विणकाम घेऊन बसली होती. ती अण्णांची थोरली बहीण, घरातलं सगळ्यांत मोठं माणूस. ती सोयीनं बहिरी होती. अण्णा आतल्या खोलीत कोट घालून बघत होते.

छोट्या मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. बोलणं संपल्यावर सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या फोटोकडे गेले. शर्टाचा खिसा खरोखरच उजव्या बाजूला होता. इतकी वर्षं तो तिथंच होता.

"खिशाकडे कोण बघतं?" दादा चिडून म्हणाला. "डावाच राहू दे. शाळेच्या पत्रिकेत छापून गेलंय, 'डावखुरा झंझावात'."

"ते छापून आणलं कुणी? तूच ना?" वकील म्हणाला. "पण या वेळी मी तुझ्या बाजूनं आहे. उजवा केला तर लोक विचारणार, डावा कुणी ठरवला? आमच्या आजोबांचं नाव निघणार."

दादा आणि वकील यांचं कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं होतं. दोघांनाही त्याचा जरा धक्का बसला. दादानं तर जवळची पाण्याची बाटली वकिलापुढे सरकवली.

छोट्या मास्तरांची बायको दातांची डॉक्टर होती आणि समोरच्याचं तोंड उघडं असतानाच त्याला प्रश्न विचारायची तिला सवय होती. ती हसू दाबत म्हणाली, "अहो, म्हणजे उजव्या पायानं तुम्ही चांगले खेळला असता?"

छोटे मास्तर 'हो' म्हणणार होते. मग त्यांनी स्वतःकडे एकदा नीट पाहिलं. आजवरचं सगळं अपयश त्यांनी डाव्या पायाच्या नावावर टाकलं होतं. आता उजव्याची बाजू उघडी पडायची वेळ आली होती.

"नाही," ते म्हणाले. "माझे दोन्ही सारखेच आहेत. मी पक्षपात करत नाही."

"मग खरं ते करा की. चुकीचा पाय उभा करून त्याला हार घालणार?"

"तुला काय जातंय बोलायला?" दादा म्हणाला. "तुला कुणी चप्पल घालून पळवलं नाही."

"म्हणून तर मला नीट चालता येतं."

वकिलाला हसू फुटलं, दादाचा चेहरा पडला, आणि नव्यानं जमलेली युती तिथंच मोडली. वकील म्हणाला, खरं तर सत्याला धरून राहावं असं त्यालाही आतून वाटतच होतं. दादानं पाण्याची बाटली परत स्वतःकडे ओढली.

"तुम्ही काय हवं ते ठरवा," छोटे मास्तर म्हणाले, "फक्त अण्णांच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यांना हे सोसायचं नाही."

"काय सोसायचं नाही?"

अण्णा दारात उभे होते. अंगात नवा कोट, एक बाही अजून कच्च्या टाक्यांवरच. हे दार लोटून घेतलं की नीट लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि ऐन वेळी कुणाच्याही लक्षात राहत नसे.

आत सगळं ऐकू गेलं होतं. अण्णा फोटोजवळ गेले. चष्मा वर करून, नाक काचेला लागेपर्यंत वाकून त्यांनी शर्टाचा खिसा पाहिला. मग ते हसायला लागले. आधी बरं हसत होते.

"बघा, म्हणजे मी मूर्ख नव्हतो," ते म्हणाले. "नुसता चुकीच्या पायावर उभा होतो! पहाटे उठून मैदानात जायचो रे मी. एकटा. डाव्यानं भिंतीवर चेंडू मारायचो. शेजाऱ्यांच्या काचा फोडल्या, कुंड्या फोडल्या, गोल तेवढा झाला नाही. वाटायचं, रक्तातच आहे, आज ना उद्या उतरेल पायात." ते खाली बसले. "रक्त उतरत होतं हो. दुसऱ्या पायात."

"अण्णा, जाऊ द्या ना आता," दादा म्हणाला.

"जाऊ कुठं द्यायचं? आई एकदाही माझा सामना बघायला आली नाही. सगळ्यांच्या आया यायच्या. मी समजून चुकलो, हिनं त्यांचा खेळ पाहिलाय, माझा काय बघणार? आणि मला संघातून काढलं ना, त्या दिवशी तिनं गोडाचं केलं होतं. मला वाटलं, माझं सांत्वन करतेय. मी ताट भिरकावलं. जन्मात एकदाच आईवर आवाज चढवला, तो त्या दिवशी." त्यांनी कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. "मी काही येत नाही उद्घाटनाला. तुम्ही कुठलाही पाय बसवा. पडदा वकील ओढेल, त्याला बोलताही येतं. ज्या माणसासारखं व्हायला मी आयुष्य घातलं त्याचा मला पायसुद्धा माहीत नाही. मी कसला त्याचा मुलगा?"

बाप समोर बसून कोट उतरवत होता आणि छोट्या मास्तरांना फक्त रडू येत होतं.

"उजवा," आत्या म्हणाली.

सगळे वळले. आत्याचे हात थांबले नव्हते, सुया चालूच होत्या.

"बाबा उजव्या पायानं मारायचे. मला अंगणात दोन कुंड्यांच्या मध्ये उभं करायचे आणि अलगद मारायचे, मला अडवता यावा म्हणून. मला चांगलं आठवतंय."

"ताई!" अण्णांचा आवाज चिरकला. "तुला माहीत होतं?"

"मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. तिच्यादेखत खेळलेत ते."

"अगं, मग तीच तर ओरडायची! 'डावा, डावा' करून..."

"ऐक आता. मध्ये बोलू नकोस." आत्यानं विणकाम मांडीवर ठेवलं. "शेवटचा सामना होता. आई मला घेऊन कुंपणापाशी उभी होती. मध्यंतराला भरतीवाले मैदानात आले. टेबल मांडलं. असे धडधाकट गडी त्यांना आयते कुठं मिळणार? त्यांनी भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अख्खा संघ घामेजलेल्या अंगानं रांगेत उभा राहिला. बाबांनी आमच्याकडे बघून हात हलवला. जणू पाणी प्यायला चाललेत. त्यांतले किती परत आले, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. त्या संघाच्या सेंटर फॉरवर्डचं पुढे सायकलचं दुकान होतं आणि तो खुर्चीवरून उठत नसे. बाकी कुणाबद्दल काही सांगण्यासारखं नव्हतं.

"मग थोरल्या काकांनी हा फोटो लावला," आत्या म्हणाली, "आणि म्हणाले, डावखुरा. मी म्हणणार होते, अहो काका, पण बाबा तर... तेवढ्यात आईनं मला असा चिमटा काढला की वळ उठला. स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, 'डावा तर डावा. बाळाला डाव्यानंच खेळू दे. ज्याला खेळता येत नाही त्याला न्यायला कुणी येत नाही.' बुटाला जोडी चप्पल ही तिचीच युक्ती. काकांना वाटायचं त्यांनी काढली."

वकिलानं, आपल्या आजोबांकडून तेही श्रेय गेलं म्हणून, एकदा हळूच खाकरून घेतलं.

"तुझा सामना बघायला कशी येणार ती?" आत्या अण्णांना म्हणाली. "मध्यंतराची शिट्टी तिला सोसायची नाही. मैदानाच्या रस्त्यावरूनही जायची नाही. आणि तुला संघातून काढलं तेव्हा गोडाचं केलं ते काही सांत्वन नव्हतं रे. तिला आनंद झाला होता. तू ताट भिरकावलंस ना, ते सगळं तिनं गोळा केलं आणि हसत हसत मला म्हणाली, ओरडू दे, घरी आहे ना."

अण्णांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला.

"पुढच्याच वर्षी पुन्हा लढाई लागली," ते म्हणाले. "भरतीवाले कॉलेजच्या मैदानावर आले होते. संघ उभा करून घेतला. मी पाण्याची बादली धरून बाजूला उभा होतो. त्यांतला एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, हा कोण? आमचा कप्तान म्हणाला, हा काही नाही, हा पाणीवाला." त्यांना पुन्हा हसू आलं, पण या वेळी डोळ्यांतून पाणीही आलं. "मला इतकी लाज वाटली होती. कप्तान गेला. गोलकीपर गेला. माझ्या बाकावर बसायचा तोही गेला. आणि मी इतकी वर्षं त्या बादलीची लाज बाळगली."

छोट्या मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना आपल्या पोटाचा, आपल्या हुकलेल्या खडूंचा, पोरांच्या त्या 'गोऽऽल'चा एकदम विसर पडला. हा माणूस पाण्याची बादली घेऊन घरी आला होता, म्हणून आपण आहोत, एवढंच त्यांना कळत होतं.

"ताई, आई गेल्यावर तरी सांगायचंस."

"तोवर तू तुझ्या पोरांच्या पायात चप्पल चढवली होतीस. अभिमान केवढा तुला! म्हटलं, कशाला मोडा." आत्यानं दादाकडे, मग छोट्या मास्तरांकडे बघून घेतलं. "नंतर पोरांचा खेळ पाहिला आणि वाटलं, उजवा काय न् डावा काय, या दोघांना न्यायला कुणी येत नाही."

छोट्या मास्तरांची बायको आता तोंड न दाबता हसली. दादाही हसला, जरा उशिरानं.

छोट्या मास्तरांचा फोन वाजला. शिल्पकार होता. "काय ठरलं मग? साचेवाल्यांना काय सांगू?"

अण्णांनी हात पुढे केला. फोन कानाला लावून ते उठून उभे राहिले. कोट अर्धा उतरलेला तसाच होता.

"उजवा करा," ते म्हणाले.

पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. "नक्की ना? नुसत्या बटणांवर शाळेचे लोक ऐकायचे नाहीत. ते विचारतील, पुरावा काय?"

"पुरावा आहे ना," अण्णा म्हणाले. "जिवंत आहे, म्हातारा झालाय. पडदा ओढायला येईल तेव्हा बघून घ्या म्हणावं."